अण्णा, लॉकर काढलेला न्हाय

कावळा लगेच शिवला, अण्णा. आप्पानं पिंड ठेवला, दोन पावलं मागं सरला, हात जोडतोय तवर आलाच. घाटावरच्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. कोणतरी म्हणालं, "भाग्यवान माणूस, कशात जीव अडकला न्हवता." वैनीनं डोळ्याला पदर लावला. आणि मला असला राग आला म्हणून सांगू! बसूचा ट्रक आपल्या गॅरेजच्या शेडात जॅकवर उभा, आपलं भांडण अर्धं, आणि तुझी काय इच्छाच राहिली न्हवती? त्या कावळ्याला हाकलून परत बोलवावं असं वाटलं. तुझी राहिली नसंल तर नसू दे. माझी राहिली हुती.

घरी आलो, अंघोळी झाल्या, आणि चटईवर बसल्या बसल्या उचगावच्या आप्पानं निकाल दिला. तुला ठाऊक हाय, आपला हा थोरला चुलतभाऊ शेती कमी करतो आणि भावकीचे निकाल जास्ती लावतो. म्हणाला, "तेरावं झालं की गॅरेजचं शटर खाली. बसूला निरोप धाडलाय. तो चिकोडीचा मिस्त्री घेऊन येईल, ट्रकात बसवलेलं ते नवीन लॉकर का फिकर काढून घेईल आणि गाडी घेऊन जाईल. शालननं आता घरात बसून वैनीला सोबत करायची." मला कुणी विचारलं न्हाय. मी तिथंच बसलेली, केस अजून ओले.

"आणि गॅरेज?" मी म्हटलं.

"गॅरेज काय? बंद म्हंजे बंद. बाई माणसाच्या भरवशावर ट्रक कोण आणून लावंल? दत्ता हुता तवर ठीक हुतं."

दत्ता हुता तवर! ऐकलंस न्हवं? इतकी वर्षं ट्रकखाली उताणी पडून मी जे नट आवळले ते सगळे तुझ्या खात्यावर गेले म्हणायचे. मी म्हटलं, "आप्पा, शटर रोज सकाळी माझ्या हातानं वर जातंय. लॉकर काढायचा न्हाय. तेराव्याला बसू आला की चालवून दाखवते. त्यानं गाडी हाय तशी नेली तर शटर उघडं राहणार. न्हायतर मीच कुलूप घालते आणि किल्ली तुमच्या हातात देते." आप्पा हसला. "दत्ताला जमलं न्हाय ते तुला जमणार व्हय?" म्हणाला. बसलेली चार माणसंपण हसली.

आता तुझ्याशी बोलते. त्या शेवटच्या संध्याकाळी तू हात पुसत म्हणालास, "शाले, उद्या काढून टाकू. आपल्या गाड्यांचं काम न्हवं ते." मी म्हटलं, "हात तर लावून बघ." तू फडकं बोनेटवर आपटलंस आणि घरी गेलास. सकाळी वैनीची हाक ऐकून मी धावत आले तर तू गेलतास. येणारी प्रत्येक बाई मला विचारून जाते, शेवटचं काय बोलणं झालं? मी सांगते, भांडण झालं. मग त्या म्हणतात, "वाईट वाटत असंल न्हाय?" भांडणाचं न्हाय वाटत. आपण कधी गोड बोललोय? आबा, आपले वडील, हुते तवापासून आपण पाना, जॅक आणि शिव्या यांच्यातनंच बोलत आलो. त्या दिवशी तुझ्याशी गोड बोलले असते तर तुलाच संशय आला असता.

वाईट वाटतं ते तू चुकलास आणि ते ऐकायला थांबला न्हाईस याचं. मीपण चुकले, पण मी हाय इथं.

बसूला तू लॉकर कसा समजावलास ते आठवतंय का? बसू खानापूरकडनं कौलं भरून कणकुंबीच्या वाड्यांवर नेतो. पावसाळ्यात भरलेली गाडी लाल चिखलात रुतली, ट्रॅक्टर लावून ओढावी लागली, निम्मी कौलं फुटली. तो रडकुंडीला येऊन आपल्या दारात बसलेला. तू चहाच्या दोन बशा त्याच्यापुढं जमिनीवर ठेवल्यास आणि फिरवून दाखवल्यास. गाडी वळताना बाहेरच्या चाकाला जास्ती पळावं लागतं, आतल्याला कमी. दोघांना आपापल्या गतीनं पळू देतो तो डिफरन्शियल. पण चिखलात हाच चांगुलपणा नडतो. घसरणारं चाक सगळी ताकद खाऊन गरागरा फिरतं आणि दुसरं मख्ख उभं राहतं. लॉकर बसवला की बटण दाबायचं, हवेच्या जोरावर दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात आणि गाडी निघते बाहेर. डांबरीला लागलं की बटण बंद करायचं, चाकं परत सुटी. बसू बशांकडं बघत म्हणाला, "एवढंच? मग बसवाच."

एवढंच म्हणे! दिवाळी झाल्यावर काम काढलं. बसवायला गेलो तर जुन्या हौसिंगचं, म्हंजे बाहेरच्या लोखंडी पेटीचं, आणि नव्या मालाचं जमेना. तू घासलंस, मी घासलं, बसवलं. बटण दाबलं की खटकन लॉक. तुझ्या तोंडावर ते हसू आलं, आबांनी पहिल्यांदा तुला एकट्याला इंजिन उतरवू दिलं तेव्हाचं. आणि मग बटण बंद केलं तर लॉक सुटंना. बसू गाडी घेऊन हायवेवर गेला आणि वळताना मागचे टायर असे किंचाळले की चहाच्या टपरीवरची माणसं उठून उभी राहिली. गाडी वळंना, सरळच जायला बघतेय. बसू घाम पुसत परत आला.

तिथनं जे सुरू झालं ते तू असेपर्यंत संपलं न्हाय. काढला. टेबलावर ठेवून कॉम्प्रेसरची हवा दिली, खट, लॉक. हवा काढून घेतली, टक, सुटला. टेबलावर गुणी पोरासारखा चालतोय! गाडीत बसवला की अडतोय. त्यातपण दुपारी कधी कधी सुटायचा, सकाळी तर अजिबात न्हाय. तू म्हणालास, थंडीनं गियर ऑइल घट्ट होतंय. ऑइल बदललं. तसंच. मी म्हटलं, लॉक सरकवणारा आतला काटा हौसिंगला घासतोय, तोच अडकतोय. परत उघडलं, काटा घासून बारीक केला. तसंच. हवेचं मीटर बघितलं, हवा भरपूर. लॉक लगेच लागतोय म्हंजे हवेचं काम चोख, असं तूपण म्हणालास आणि मीपण म्हटलं. दोष लोखंडात हाय यावर आपलं एकमत. कुठल्या लोखंडात, यावर भांडण.

आणि आणखी एका भांडणाबद्दल तू कधी तोंड उघडलं न्हाईस, म्हणून आज मी उघडते.

आपल्या गॅरेजात आबांपासनं चालत आलेली रीत. नवीन पार्ट गाडीत जायच्या आधी त्याला हळद-कुंकू लागलं पायजे. लोखंडाला तेल असतं, कोरडं कुंकू थांबत न्हाय, म्हणून आबा ते खोबरेल तेलात कालवायचे. आबांच्या मागं तू लावायला लागलास. माझा नवरा गेला, मी माघारी आले, आणि भावकीतली सगळी तोंडं वाकडी झाली तेव्हा तू काहीच न बोलता माझ्या हातात सतराचा पाना दिलास. ते मी विसरणार न्हाय. तो कागलचा ड्रायव्हर आठवतो? "बाईला माझ्या गाडीखाली घालू नका" म्हणाला. तू किल्ली त्याच्या अंगावर फेकलीस, म्हणालास, "मग गाडी घे आणि चालायला लाग. इथं तिचाच हात चांगला हाय." तो तासाभरानं गप परत आला. त्या दिवशी मी ट्रकखाली पडून रडले, तेल डोळ्यात गेलं म्हणून सांगितलं.

पण कुंकवाच्या डबीला मला हात लावू दिला न्हाईस. कधीच न्हाय. मी ग्रीसमधी कोपरापर्यंत हात घालायचे ते चालायचं, क्रँक उचलायचे ते चालायचं, आणि चिमूटभर कुंकू म्हटलं की, "तेवढं सोडून बोल, शाले." का? तर विधवेच्या हातचं कुंकू लागलेली गाडी रस्त्यावर न्यायला लोक घाबरतील. तुझा स्वतःचा विश्वास हुता का त्यावर? न्हवता. मला ठाऊक हाय, न्हवता. तू लोकांना भ्यायचास. मला ट्रकखाली घालायला भ्याला न्हाईस आणि या डबीला भ्यालास.

बसूचा लॉकर आला त्या दिवशी मी परत विषय काढला. थंडी पडलेली, खोबरेल बाटलीत गोठलेलं, तू बाटली कॉम्प्रेसरच्या गरम अंगाला टेकवून ठेवलीस. मी म्हटलं, "हा लॉकर मी बसवणार, कुंकूपण मीच लावणार." डबी उचलली. तू ती माझ्या हातातनं ओढून घेतलीस. "दे इकडं," म्हणालास. बसू बघत हुता. रागारागानं कालवलंस आणि रागारागानं लावलंस, एरवी बोट टेकवायचास ते त्या दिवशी नुसतं थापलंस. लॉकरला लावलंस, काट्याला, नळीच्या नटाला, हवेच्या व्हॉल्व्हलापण. मी पाठ फिरवून चहा आणायला गेले. चहा तुला दिला न्हाय.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅरेजची किल्ली मागायला वैनीकडं गेले. आप्पा ओट्यावर बसलेला. "तेराव्याच्या आत पाना हातात घ्यायचा न्हाय," म्हणाला. मी म्हटलं, "मग तेराव्याला काय तुमच्या हातात देऊ?" वैनी देव्हाऱ्यापाशी बसलेली, मोकळ्या कपाळानं. तिच्याकडं बघवत न्हवतं. ती उठली, देवाच्या फळीवरची किल्ली काढली आणि माझ्या हातात ठेवली. "वन्सं, जेवायला वेळंवर या," एवढंच म्हणाली. आप्पा काय बोलला ते मी ऐकायला थांबले न्हाय.

शेडात गारठा. तुझं फडकं अजून बोनेटवर तसंच पडलेलं. मी ते हलवलं न्हाय. मागची दोन्ही चाकं जॅकवर अधांतरी हुती. इंजिन चालू करून हवा भरून घेतली, इंजिन बंद केलं आणि गाडी गियरमधी घातली. चाकं सुटी असली तर एक फिरवलं की दुसरं उलटं फिरतं. लॉक असला तर दोन्ही हलत न्हाईत. बटण दाबलं. खट. चाकाला लोंबकळले तरी हलंना. बटण बंद केलं. परत लोंबकळले. हलतंय कुठलं! मी त्या चाकाला लाथ घातली, तुला शिव्या दिल्या, त्या लॉकरला दिल्या, बसूला दिल्या, त्या कावळ्यालापण दिल्या. म्हटलं, अण्णा म्हणत हुता तेच खरं हुतं का? काढून टाकावं का? आप्पाचं हसणं कानात वाजायला लागलं.

काढायचं तर आधी हवेची नळी सोडायला पायजे. तेवढ्यासाठी खाली शिरले, हौसिंगवरचा नट पान्यानं सैल केला. फुस्स! असा हवेचा झोत तोंडावर आला की डोळे मिटले. आणि आतनं आवाज आला. टक.

मी सरपटत निघाले. बाहेर येऊन चाक फिरवलं. फिरलं, आणि पलीकडचं उलटं फिरलं. लॉकर सुटलाय! स्प्रिंग चांगली, काटा चांगला, ऑइल चांगलं, लोखंडात काहीसुद्धा दोष न्हाय. आपण वेड्यासारखं लोखंड घासत बसलो. टेबलावर का सुटत हुता? कारण टेबलावर आपण हवेची नळीच बाजूला काढायचो, हवा मोकळी. गाडीत बटण बंद केलं तरी आतली हवा आतच कोंडून राहत हुती. ती बाहेर पडत न्हवती म्हणून लॉक सुटत न्हवता. हवा येतेय का हे आपण दहादा बघितलं, जातेय का हे एकदापण बघितलं न्हाय.

मग नळीमागं नळी बघत गेले व्हॉल्व्हपर्यंत. तुला ठाऊकच हाय, बटण बंद केल्यावर हवा बाहेर पडायला त्याला खालच्या अंगाला एक बारीक तोंड असतं आणि त्या तोंडावर एक पितळी टोपण, बोटाच्या पेराएवढं, बारीक जाळीचं. धूळ आत जाऊ नये म्हणून. चकचकीत, टोकाला निमुळतं, देवळाच्या कळसासारखं. आणि अण्णा, त्या टोपणावर तुझं कुंकू.

थापलेलं. रागानं थापलेलं. हळद-कुंकू आणि गोठलेलं खोबरेल, त्यावर धूळ, सगळं मिळून जाळीत मेणासारखं बसलेलं. मी त्यावर तोंडानं वाफ धरली तर कडंनं पातळ व्हायला लागलं. म्हणून दुपारी कधी कधी सुटायचं, उन्हानं तेल विरघळलं की. म्हणून सकाळी अडायचं. व्हॉल्व्ह बघून तुला वाटलं असंल, या टोपणाला तर लावायलाच पायजे, कळसच हाय न्हवं. आई गं! मी एकटीच शेडात मोठ्यानं हसले. तू असतास तर बोलले असते, "घ्या! माझ्या हातचं कुंकू लागलं असतं तर गाडीला बाधलं असतं म्हणे. बाधलं कुणाचं?"

आणि मग टोपण उजेडाकडं धरलं तर कुंकवावर तुझं बोट उठलेलं. बोटाच्या रेघा, आणि मधी ती तिरकी खूण, पंख्यानं कापलं हुतं तिथली. तुझं बोट, अण्णा. तुझे कपडे वैनीनं देऊन टाकले, चप्पल घाटावर गेली, फोन आप्पाकडं हाय. आणि तुझं बोट इथं, ट्रकखाली. मी मटकन खाली बसले आणि रडले. घाटावर न्हवते रडले. बायका म्हणाल्यापण, घट्ट हाय ती. इथं मात्र कॉम्प्रेसरला टेकून पोट दुखेपर्यंत रडले.

नवीन टोपण निपाणीत मिळतं, हे मला कळत हुतं. हे जपून ठेवता आलं असतं, देव्हाऱ्यात, डबीत घालून. वैनीला दाखवलं असतं तर तिनं तेच केलं असतं. मनात आलं हुतं, खोटं बोलत न्हाय. पण चांगला पार्ट धुवून परत लावायचा ही तुझीच शिस्त, आणि गाडी वळायची असंल तर ते बोट पुसायलाच पायजे. वाटीत डिझेल घेतलं, टोपण सोडलं, ब्रशनं घासलं. डिझेल आधी पिवळं झालं, मग लाल. हवा मारून जाळी मोकळी केली आणि जागेवर बसवलं. बटण दाबलं, खट. बंद केलं, फुस्स, टक. परत केलं. परत केलं. थंडी हुती, सकाळ हुती, आणि ते सुटत हुतं.

तेराव्याला सकाळी बसू आला, चिकोडीच्या मिस्त्रीला घेऊन. बिचारा लाजत हुता. आधी वैनीपुढं खाली बसला, मग माझ्याकडं बघून म्हणाला, "अक्का, आगूदिल्ल अंद्रे काढूया. मला काय राग न्हाय." होत नसंल तर काढूया म्हणत हुता. मी म्हटलं, "आधी गाडीत बस." आप्पा, भावकी, सगळे ओट्यावर उभे. मी बसूच्या शेजारी चढले.

मागच्या तंबाखूच्या रानाला पाणी सोडलेलं हुतं, बांधापाशी घोट्याएवढा चिखल. गाडी मुद्दाम त्यात घालायला लावली. डावं चाक गरगरलं, चिखल उडाला, उजवं मख्ख. "दाब," मी म्हटलं. खट. दोन्ही चाकांनी चिखल पकडला आणि गाडी चढून बाहेर. बसू ओरडला, "अब्बा!" हायवेच्या कडंला डांबरीवर आलो. "बंद कर. आता वळव, पूर्ण वळव." त्यानं डोळे बारीक केले आणि स्टेअरिंग फिरवलं. टायर ओरडले न्हाईत. गाडी वळली, गप, बैलगाडीसारखी. बसूनं परत वळवली, उगाचच, आणि परत. मग हसायला लागला. मी खिडकीबाहेर बघत बसले, कारण माझं तोंड त्याला दाखवायचं न्हवतं.

गॅरेजात आलो. चिकोडीचा मिस्त्री खाली वाकून बघून म्हणाला, काढायचं काय कारण न्हाय. आप्पानं विचारलं, "काय झालं हुतं?" मी म्हटलं, "हवेला बाहेर पडायला वाट न्हवती." तेवढंच सांगितलं. बाकीचं तुझ्यामाझ्यात.

आणि मग बसू म्हणाला, गाडी रस्त्याला लागायच्या आधी कुंकू पायजे, दत्ता अण्णाची रीत. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. आप्पा पुढं झाला, "आण डबी, मी लावतो." म्हंजे बघ, ट्रक माझ्या हातानं चालला ते चालतंय, आणि डबी आली की परत पुरुष पायजे.

"आप्पा," मी म्हटलं, "हात मागं. लॉकर मी बसवलाय, कुंकूपण मीच लावणार."

"अगं, तुला कळतंय का काय बोलायलीस? आजचा दिवस काय, तू कोण!" आप्पाचा आवाज चढला. "बसू, तूच सांग तिला. तुझी गाडी हाय."

बसू टायरवर हात फिरवायला लागला. भीती त्याच्याही तोंडावर दिसत हुती, खोटं कशाला सांगू. घाटातनं गाडी न्यायची त्याला, घरी पोरंबाळं. मी त्याला घाई केली न्हाय. एवढ्यात आतनं वैनी आली. दहाव्याला बायकांनी तिचं कुंकू पुसलं तेव्हापासनं ती ओट्याच्या पुढं आली न्हवती. तिच्या हातात तुझी डबी आणि खोबरेलची बाटली. बाटली तिनं चुलीपाशी धरून पातळ करून आणलेली. "वन्सं, घ्या," म्हणाली. आप्पाकडं बघितलंसुद्धा न्हाय. "कपाळ माझं मोकळं झालंय, भाऊजी. डबी भरलेली हाय."

बसूनं एकदा वैनीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग टोपी काढली आणि ट्रकपुढनं बाजूला सरकला. "हचरी अक्का," म्हणाला. लावा, अक्का.

मी कालवलं. जास्त न्हाय, बोट टेकवण्यापुरतं. आधी वैनीचं बोट धरून बोनेटला लावायला लावलं. मग खाली शिरले. लॉकरच्या हौसिंगला लावलं. काट्याच्या बाजूला लावलं. व्हॉल्व्हच्या अंगाला लावलं. टोपण तेवढं वगळलं. टोपणाला हात लावला न्हाय.

शटर उद्या सकाळी वर जाणार हाय, अण्णा. तुझीच डबी, तुझंच खोबरेल. बोट मात्र माझं.